टायरातली कढी

पुढच्या टायरची कड रिमवरून सुटली आणि आतून हिरवट, बुळबुळीत, मध्येमध्ये धागे असलेलं काहीतरी पंक्चरवाल्याच्या चपलेवर ओघळलं. पाय झटकत तो म्हणाला, “साहेब, ही कढी कुणी भरली?”

भरली मीच होती. दीड वर्षापूर्वी एक बाटली, आणि मध्ये एकदा हवा कमी वाटली म्हणून वरून दुसरी, वेगळ्या कंपनीची. दोन्ही बाटल्यांवर साधारण सारखंच लिहिलं होतं : पंक्चर होणार नाही, टायर थंड राहील आणि चाक आपोआप बॅलन्स होईल. मी मात्र गाडी त्याच्याकडे नेली होती ती पंक्चरसाठी नाहीच. पन्नासच्या वर गेलं की हँडल थरथरायचं, म्हणून. त्याने टायर उलटा करून आत हात घातला आणि एका बाजूला चिकटलेला, तळहाताएवढा रबरी गोळा खरवडून काढला. त्याच टायरमध्ये एक खिळाही सापडला. बोटाच्या पेराएवढा, आरपार गेलेला, गंजलेला. किती महिने तो आत होता, देव जाणे. हवा मात्र गेलेली नव्हती.

म्हणजे एकाच बाटलीतल्या द्रवाने एक वचन पाळलं होतं आणि दुसरं नेमकं उलटं करून ठेवलं होतं. त्या दिवसापासून या कढीत मला रस वाटू लागला.

पंक्चरचं दुखणं हवेच्या टायरइतकंच जुनं. बेलफास्टमध्ये पशुवैद्य असलेल्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेली रबरी नळी करून पाहिली आणि १८८८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. कल्पना तशी त्याच्याही आधीची. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच ‘हवेची चाकं’ नोंदवून ठेवली होती, फक्त तेव्हा त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. हवा आली आणि तिच्या पाठोपाठ खिळाही आला. मोटारींना जादा चाक बाळगायची सोय १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेल्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी केली. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, आणि आपण आजही जादा चाकाला स्टेपनी म्हणतो. ब्रिटनमध्ये तो शब्द जवळजवळ विसरला गेला, आपल्याकडे रिक्षावाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी आहे.

दुचाकीत ही चैन फक्त स्कूटरवाल्यांना होती. ज्यांच्या घरी चेतक होती त्यांना आठवत असेल : पुढचं-मागचं चाक एकाच मापाचं, स्टेपनी मागे अडकवलेली, पाच नट खोलले की काम झालं. मोटरसायकलला स्टेपनी कधीच नव्हती. ती रात्री साडेदहाला घाटात बसली की ढकलण्याशिवाय इलाज नसे. बाटलीतलं सीलंट विकलं जातं ते या भीतीवर, आणि भीती खोटी नाही. मोटारींच्या बाबतीत तर सरकारनेच २०२० मध्ये नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर बुजवण्याचं किट गाडीत असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती नाही. त्या किटमध्ये बहुधा हीच कढी असते.

आता ती करते काय ते पाहू. बाजारात मुख्यत्वे दोन जाती आहेत. पहिलीत पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण असतं, गाडीच्या कूलंटमध्ये असतं तेच. त्यात घट्टपणा आणणारा पदार्थ, गंज रोखणारं रसायन, बारीक कृत्रिम धागे आणि रबराचा चुरा. ग्लायकॉल घालायचं कारण सोपं आहे : ते सहजी उडून जात नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, एथिलीन ग्लायकॉल १९७ला. नागपूरच्या मे महिन्यात डांबरावर तापलेल्या टायरमध्येही ते ओलं राहू शकतं. दुसऱ्या जातीत लॅटेक्स असतं, म्हणजे रबराच्या झाडाचा चीक किंवा त्याचा कृत्रिम भाऊ. हा चीक हवा लागली की घट्ट होतो, आणि टायरमध्ये हवाच असते, त्यामुळे काही महिन्यांत तो नुसता बसूनसुद्धा वाळतो.

भोक बुजण्याची तऱ्हा मात्र दोन्हींची एकच. खिळा निघाला की आतली दाबाखालची हवा त्या भोकातून सुटायला धावते आणि जाताना द्रव ओढून नेते. द्रव बाहेर जातो, पण धागे आडवे अडकतात. धाग्यांच्या जाळीत चुऱ्याचे कण अडकतात, कणांच्या फटीत आणखी बारीक कण, आणि बघता बघता तोंड बंद. खरचटल्यावर आपल्याला खपली धरते ती थेट अशीच : रक्तात फायब्रिनचे धागे जाळं विणतात आणि त्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात. रबराच्या झाडाचं तर याहून सोपं. त्याचा चीक मुळात त्याच्या स्वतःच्या जखमेसाठीच असतो. ओली जखम झाकायला झाडाने केलेली सोय माणसाने सायकलच्या आणि गाडीच्या टायरमध्ये भरली, एवढंच. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे रबराच्या बागा आहेत. तिथे खाचेखाली बांधलेल्या वाटीत ठिबकणारा पांढरा चीक आणि दुसऱ्या दिवशी खाचेवर धरलेली त्याची दोरी पाहिली की सीलंटची अर्धी माहिती मिळते. कोकणात जायचं नसेल तर फणस चिरा. हाताला तेल न लावता.

आणि या विद्येत आपण फार मागे आहोत असंही नाही. रेडिएटर गळायला लागला की ट्रकवाले त्यात हळद टाकतात, हे कुणाही जुन्या ड्रायव्हरला विचारा. हळदीचे कण पाण्याबरोबर फटीकडे ओढले जातात, तिथे फुगतात, अडकतात. गॅरेजपर्यंत गाडी पोचते. नंतर मेकॅनिक रेडिएटर खोलतो आणि हळद टाकणाऱ्याच्या नावाने शंख करतो. माझ्या पंक्चरवाल्याचा चेहरा अगदी तसाच झाला होता.

यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बूच बसतं ते चालत्या प्रवाहामुळे आणि चाक फिरल्यामुळे. सीलंट भरलेल्या टायरमधून खिळा काढला आणि गाडी जागच्या जागी उभी ठेवली तर भोक वरच्या बाजूला असू शकतं आणि द्रव तळाशी. म्हणून खिळा काढला की भोक खाली येईल असं चाक फिरवायचं, किंवा लगेच एखाद-दोन किलोमीटर हळू चालवायचं. भोक टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल आणि लहान असेल, पाच-सहा मिलिमीटरच्या आत, तरच आशा धरावी. बाजूची भिंत चिरली असेल तर विसरा. ती प्रत्येक फेऱ्यात दुमडते आणि सरळ होते. दुमडणाऱ्या जागी खपली धरत नाही, हे गुडघा फुटलेल्या कुठल्याही मुलाला माहीत असतं.

ट्यूबच्या टायरमध्ये हा सगळा प्रकार बराच लंगडा पडतो. ट्यूबचं रबर पातळ आणि ताणलेलं. खिळा टोचला की भोक नुसतं पडत नाही, फाटत जातं, आणि हवा कमी झालेली ट्यूब टायरच्या आत सरकते तेव्हा व्हॉल्व्हच्या मुळाशीच तुटते. तारांच्या चाकांच्या गाड्यांना बहुधा ट्यूबच असते, कारण प्रत्येक तारेच्या बुडाशी रिमला भोक असतं आणि तिथून हवा जाईल. याउलट ट्यूबलेस टायरला आतून जाड अस्तर असतं, हवा धरून ठेवणाऱ्या खास रबराचं, आणि ते खिळ्याला घट्ट आवळून धरतं. अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीने असा टायर १९४७ मध्ये जाहीर केला. सीलंटच्या नावावर जमा होणारं बरंचसं श्रेय या अस्तराचं आहे, असं माझं मत आहे. माझा तो गंजका खिळा सीलंट नसतं तरी काही दिवस हवा धरून राहिलाच असता. दोघांनी मिळून महिने काढले.

इथवर सगळं पटण्यासारखं. खरी गंमत बॅलन्सची आहे.

चाक कधीच सगळीकडे सारखं जड नसतं. व्हॉल्व्हच्या जागी थोडं वजन जास्त, टायरचा जोड आला तिथे आणखी थोडं. नव्या टायरवर पुष्कळदा पिवळा ठिपका असतो. तो टायरची सर्वांत हलकी जागा दाखवतो आणि व्हॉल्व्हला लागूनच बसवायचा असतो. माझ्या पाहण्यातले निम्मे दुकानदार तो ठिपका पुसतात. चाक आसावर मोकळं सोडलं की जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. मग तिच्या बरोबर समोर रिमला छोटी वजनं लावायची, चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबेपर्यंत. दुचाकीचा टायर अरुंद असल्यामुळे एवढं बहुतेक पुरतं. आपल्याकडे शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला हे सहसा कुणी करत नाही, आणि त्या वेगाला फारसं जाणवतही नाही.

न जाणवण्यालाही हिशेब आहे. सतरा इंची रिमची साधी मोटरसायकल घ्या. ताशी ६० किलोमीटरला तिचं चाक सेकंदाला जवळजवळ ९ फेरे घेतं. तेव्हा टायरच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या प्रत्येक कणावर त्याच्या वजनाच्या सुमारे ९० पट जोर बाहेरच्या दिशेने पडतो. दहा ग्रॅमचा फरक असेल तर तो किलोभरही ओढत नाही. पण माझ्या टायरमधून निघाला तसा पन्नासेक ग्रॅमचा गोळा एका बाजूला असेल, तर चाक सेकंदाला नऊ वेळा साडेचार किलोच्या जोराने कधी वर कधी खाली खेचलं जातं. हँडल थरथरणार नाही तर काय.

द्रव हे आपोआप सावरतो असं बाटली म्हणते. हे थापेबाजीत काढता येत नाही, कारण घरातच त्याचं उदाहरण आहे. वरून झाकण असलेल्या वॉशिंग मशीनचं ड्रम हाताने हलवून पाहा. वरच्या प्लॅस्टिकच्या कड्यात पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. बरेच लोक मशीन बिघडलं म्हणून मेकॅनिकला बोलावतात. ते मिठाचं पाणी असतं, कारखान्यातच भरून बंद केलेलं. चादरी एका बाजूला गोळा झाल्या आणि ड्रम गरगर फिरायला लागलं, की ते पाणी सरकून दुसऱ्या बाजूला जाड होतं आणि मशीन नाचायचं थांबतं.

ते का सरकतं? फिरणारा द्रव स्वतःचं वर्तुळ आखतो, आणि त्या वर्तुळाचा मध्य म्हणजे फिरण्याचा खरा मध्य. ड्रम किंचित बाजूला झुकून फिरत असेल, तर ड्रमची भिंत त्या मध्यापासून एका बाजूला जवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब. जिथे लांब तिथे द्रवाचा थर जाड. फिरणं पुरेसं वेगात असेल तर ही लांबची बाजू नेमकी हलकी बाजू असते, आणि द्रव तिथे जाऊन तोल सावरतो. पण वेग कमी असताना उलट होतं. कोणत्याही लवचीक बैठकीवर बसवलेल्या फिरत्या वस्तूला आपली एक लय असते. त्या लयीच्या खाली जड बाजू बाहेर झुकते, लयीच्या वर हलकी बाजू. वॉशिंग मशीन कपडे पिळताना सुरुवातीला धडधडतं आणि मग एकदम शांत होतं, तेव्हा ते या उंबरठ्यावरून पलीकडे गेलेलं असतं. उंबरठ्याच्या अलीकडे पाणी तोल बिघडवतच असतं.

मोटरसायकलच्या चाकाची स्प्रिंगवर आणि टायरवर उसळण्याची ही लय सेकंदाला साधारण १० ते १५ अशी असते. ताशी ४० ते ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सहा ते नऊ फेरे घेतं. म्हणजे शहरात चालणारी गाडी बहुतेक वेळ उंबरठ्याच्या अलीकडे. ताशी शंभरला चौदा-साडेचौदा फेरे, म्हणजे जेमतेम उंबरठ्यावर. त्याच्या पुष्कळ पुढे कायम राहायचं तर आपले रस्ते आणि आपली हाडं दोन्ही वेगळी हवीत.

यात आणखी एक पाचर आहे. मशीनच्या कड्यात पाणी आहे, पातळ, झटकन सरकणारं. टायरमधला थर तसा नाही, तसा असून चालणारही नाही. अडीचशे मिलिलीटर द्रव पुढच्या टायरमध्ये सगळीकडे सारखा पसरला तर थर सव्वा-दीड मिलिमीटरचा होतो. त्या पातळ थराला कुठेही खिळा घुसला तर तिथे हजर असायला हवं, म्हणजे त्याने टायरला धरून राहायला हवं, ओघळता कामा नये. म्हणून तो घट्ट केलेला असतो, टोमॅटो सॉससारखा : बाटली उलटी केली तरी हलत नाही, बुडावर थाप मारली की बदकन पडतो. तोल सावरायचा तर वाहणारा द्रव हवा. भोक बुजवायचं तर चिकटणारा. पातळ केला तर गाडी उभी असताना सगळा तळाशी जमतो आणि सकाळी पहिला किलोमीटर गाडी लंगडते. घट्ट केला तर पाच-दहा ग्रॅमच्या फरकासाठी तो जागचा हलत नाही. दोन्ही कामं एकाच बाटलीकडून मागितली की कुठेतरी तडजोड होणार, आणि माझ्या मते ती बॅलन्सच्या वाट्याला येते.

मग भरल्यावर गाडी मऊ चालते असं शपथेवर सांगणारे लोक खोटं बोलतात का? नाही. हायवेवर लांब पल्ला मारणाऱ्यांच्या मोठ्या गाड्यांत काही फरक पडणं अशक्य नाही. आणि एक साधं कारण सगळे विसरतात : सीलंट भरायला टायरमधली सगळी हवा सोडावी लागते, आणि नंतर ती मोजून भरावी लागते. कित्येक गाड्यांत तीन-चार महिन्यांत पहिल्यांदाच नेमकी हवा पडते. गाडी त्यानेच अर्धी सुधारते.

द्रवाऐवजी काचेचे किंवा सिरॅमिकचे बारीक दाणे भरण्याचीही पद्धत आहे, परदेशात ट्रकवाल्यांत जास्त. त्यांना भोक बुजवायचं काम नसतं, त्यामुळे वरची तडजोड करावी लागत नाही. उंबरठ्याचा नियम मात्र दाण्यांनाही लागू. आणि हवा सोडताना एखादा दाणा व्हॉल्व्हमध्ये अडकला की टायर रात्रभर सुस्कारे टाकत बसतो.

माझा पंक्चरवाला केरळचा. हायवेला लागून अशी केरळी माणसांची टायरची दुकानं आपल्याकडे बरीच दिसतात. त्याचा सीलंटवर राग का, ते त्याच्या हाताकडे पाहिल्यावर कळलं. ट्यूबलेसचं पंक्चर काढायची त्याची रीत म्हणजे टोच्याने भोक साफ करायचं, सोल्यूशन लावलेली वादी त्यात दाबून घालायची आणि वरचं टोक कापायचं. आतून आलेला बुळबुळीतपणा वादीला धरू देत नाही. आतून पॅच लावायचा तर आधी टायर धुऊन वाळवायचा. ग्लायकॉलवालं निदान पाण्याने निघतं, लॅटेक्सचं रबर नखाने काढावं लागतं. माझ्याकडून त्याने दुप्पट पैसे घेतले आणि मला ते योग्य वाटले.

त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. खिळा बुजला म्हणून तो दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून काढला जात नाही. बुजलेल्या भोकातून पाणी हळूहळू टायरच्या थरांत शिरतं. मोठ्या गाड्यांच्या रेडियल टायरमध्ये पुष्कळदा पोलादी तारा असतात, त्या आतल्या आत गंजतात. वरून टायर ठणठणीत दिसतो. हवा भरताना टायरवरून नजर फिरवायची सवय सीलंट भरल्यावर सोडायची नसते, वाढवायची असते. मी नेमकी सोडली होती.

अॅलॉयच्या रिमचीही काळजी असते. गंजरोधक नसलेलं स्वस्त मिश्रण अॅल्युमिनियम खातं, आणि लॅटेक्स पातळ राहावं म्हणून त्यात बहुधा अमोनिया असतो, तोही अॅल्युमिनियमला मानवत नाही. डब्यातून फवारून हवा आणि सीलंट एकदम भरणारे जे प्रकार मिळतात, त्यांत पूर्वी ज्वलनशील वायू वापरला जायचा. म्हणून असा डबा वापरल्यावर टायर उघडणाऱ्याला आधी सांगायचं, त्याच्या तोंडात बिडी असू शकते.

एवढं सगळं झाल्यावर मी ते सोडलं का? नाही. मागच्या चाकात पुन्हा भरलं, ग्लायकॉलवालं, एकाच जातीचं, बाटलीवरच्या मापाइतकंच. मागच्या चाकालाच खिळे जास्त लागतात, कारण पुढचं चाक आडवा पडलेला खिळा उभा करून देतं आणि मागचं तो घेतं. पुढचं मात्र मोकळं ठेवलं. वळणावर ब्रेक मारताना जे चाक मला सावरतं त्यात काय चाललंय ते मला स्पष्ट कळलेलं बरं. डिकीत वादीचं किट आणि पायाने मारायचा छोटा पंप आहे. दर पंधरा दिवसांनी हवा बघतो, आणि बघताना व्हॉल्व्ह घड्याळातल्या चारवर किंवा आठवर येईल असं चाक फिरवतो, नाहीतर कढी मीटरमध्ये येते.

निघताना पंक्चरवाल्याने माझ्याकडचा मार्कर मागून घेतला. डिकीच्या झाकणाच्या आत त्याने भरल्याची तारीख लिहिली, पुढचा माणूस टायर खोलण्याआधी बघेल म्हणून. तारखेच्या शेजारी, गोलगोल मराठी अक्षरांत : ‘मागे कढी’.